पट क्रमांक एकोणीस

माझ्या पाचवीच्या वर्गात गेल्या साली
एक मुलगा वर्षभर हजर होता
आणि मी त्याला एकदाही पाहिलेलं नव्हतं.

शर्विल. पट क्रमांक एकोणीस.
जन्मतारीख बरोबर, आधार बरोबर,
राहणार मौजे खैरदरी, तालुका जिंतूर.
जूनमध्येच वरून फोन आला होता:
'एक नाव घ्या गुरुजी. नवोदयच्या खेड्यातल्या जागा
खेड्यातच राहतील की. पोरगं तेवढं कागदावर तुमचं.'
मी हसलोसुद्धा.

तो परभणीत, तिसऱ्या मजल्यावरच्या क्लासमध्ये
सकाळी आरशातल्या प्रतिमा, दुपारी लसावि-मसावि.
मी इथं रोज त्याच्या चौकोनात 'ह' काढत होतो,
खिचडीत त्याचे शंभर ग्रॅम तांदूळ धरत होतो.
ते कुठं गेले विचारू नका.
कुणाच्या तरी ताटात गेले.

अधूनमधून त्याला गैरहजरही मांडलं.
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. एकदा सलग तीन दिवस, ताप.
इतकं खरं वाटायला लागलं होतं
की चौथ्या दिवशी मी त्याची चौकशी करणार होतो.

वीस म्हणजे शिवकन्या.
हजेरीला मी अठरावरून थेट तिच्यावर यायचो,
तिला ते पाठ झालेलं. अठराचं 'हजर' विरायच्या आत ओरडायची.
एकदा म्हणाली, 'गुरजी, आपल्यात एकोणीस कामून नाही?'
'आहे. दिसत नाही.'
पोरं हसली. कोडं वाटलं त्यांना.

तिला घडी घातलेला कागद डोळे मिटून उलगडता यायचा.
चार घड्या, एक भोक, उघडल्यावर किती आणि कुठं कुठं:
मला उत्तरसूची बघावी लागायची, तिला नाही.
माझ्याकडं जुनी प्रश्नपत्रिका एकच.
ती तिनं खोडून खोडून तीनदा सोडवली,
शेवटी 'क'चा गोल फाटला.

जानेवारी. जिंतूरचं केंद्र. हुडहुडी भरवणारी सकाळ.
फाटकाशी गाडी थांबली, पोरगं उतरलं.
बारकं, चष्मा, नखं पार मुळापर्यंत कुरतडलेली.
'हे तुझे सर. पाया पड.'
तो वाकला, आणि वाकल्या वाकल्या हळूच विचारलं,
'सर, आपल्या गावाचं नाव काय?'

आपल्या.

मी सांगितलं. तो पुटपुटत राहिला,
खैरदरी, खैरदरी, सूत्र पाठ करावं तसं.
शिवकन्या शेजारीच, जीपमध्ये उलटी होऊन पांढरी पडलेली.
तिनं त्याच्या प्रवेशपत्रावर शाळेचं नाव वाचलं,
माझ्याकडं बघितलं,
मग बोटांवर काहीतरी मोजलं आणि मध्येच थांबली.

यादीत तो आहे. ती नाही.
कुणाची जागा कुणाला गेली
हे यादीत लिहिलेलं नसतं. मार्कही कळत नाहीत.
तिचं दोनानं हुकलं असेल, नाहीतर वीसानं,
त्या 'असेल'वर डोकं टेकून मी झोपतो.

आणि माझी थोरली त्याच क्लासला आहे. अर्ध्या फीत.
हे सगळ्यात आधी सांगायचं होतं,
पण माणूस स्वतःची ओळ खाली ढकलत नेतो.

त्याच्या दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात
लिहिलं: उत्तम.
तिच्याही. शाई तीच.

दाखला न्यायला ती एकटीच आली.
घडी घातली, पुन्हा एक घातली, पिशवीत ठेवला.
दाराशी वळून म्हणाली,
'सापडला की मग एकोणीस, गुरजी.'